कुपोषणग्रस्तांची शुश्रूषा

अन्नघटकांच्या न्यूनतेमुळे खंगलेल्या रुग्णास सोसेल त्या प्रमाणात व क्रमाने अन्न देऊन तो बरा होईपर्यंत घ्यावयाच्या काळजीस कुपोषणग्रस्तांची शुश्रूषा म्हणतात. अन्नाची विपुलता असूनही ते देण्याच्या वेळेकडे व पद्धतीकडे दुर्लक्ष झाल्यास रुग्ण उपाशी राहतो, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी नोट्स ऑन नर्सिंग (१८५९) या ग्रंथात दाखवून दिले होते.

सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये गोल्ड कोस्टमधील (सध्याचा घाना) बालकांना होणाऱ्या, अंगावर सूज आणणाऱ्या एका पोषणजन्य रोगाचे वर्णन केले. १९३५ मध्ये त्यांनी त्याचे ‘क्वाशिओरकोर’ हे स्थानिक गा भाषेतील नाव वैद्यकात रूढ केले. धाकट्या भावंडामुळे आईच्या दुधास मुकलेल्या मुलाचा रोग, असा त्याचा आशय आहे.

अन्न हेच घातक ठरू शकते, याचा दारुण प्रत्यय एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीतील बेर्गन-बेल्झन छळछावणीच्या मुक्ततेनंतर आला. सैनिकांचे स्निग्ध अन्न खाल्ल्याने अनेक बंदी दगावले. बंगालमधील १९४३ च्या दुष्काळातील अनुभवावर आधारलेले दूधभुकटी, पीठ व साखर यांचे मिश्रण मग देण्यात आले. परंतु ते फार गोड असल्याने पुष्कळांना घेववेना. सुईतून पोषण देऊ पाहता छावणीतील अत्याचारांच्या आठवणीने रुग्ण भयभीत होत. दीर्घ उपासमारीनंतर एकाएकी भरपूर अन्न मिळाल्यास इन्शुलिनाचे स्रवण वाढते, रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम कोशिकांत शिरते आणि हृदयक्रिया बंद पडू शकते, असे पुढे स्पष्ट झाले.

तथापि हे ज्ञान रुग्णालयांत सर्वत्र उतरले नाही. तीव्र कुपोषित बालकांतील मृत्युप्रमाण १९५० नंतरच्या दशकांत बहुतांशी २० ते ३० टक्केच राहिले, असे १९९६ मधील एका आढाव्यात दिसून आले. सदोष उपचारपद्धती हे त्याचे प्रमुख कारण मानले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ मधील मार्गदर्शिकेने उपचारांचा क्रम निश्चित केला. प्रारंभी १०० मिलि.मध्ये ७५ किलोकॅलरी असलेले दूधमिश्रण दर दोन-तीन तासांनी थोडेथोडे पाजतात व भूक परतल्यावर १०० किलोकॅलरींचे मिश्रण देतात. मुलास उबेत ठेवणे, रोज वजन घेणे व प्रारंभी लोह न देणे, हेही त्यात अंतर्भूत आहे.

भुईमुगाच्या लगद्यापासून केलेले, न शिजवता खाता येणारे उपचारात्मक अन्न १९९६ च्या सुमारास तयार झाले. त्यामुळे इतर गुंतागुंत नसलेल्या बालकांवर घरीच उपचार शक्य झाले व २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी या पद्धतीस मान्यता दिली. अत्यवस्थ बालकास मात्र रुग्णालयातच ठेवावे लागते. रात्रीचे पाजणे चुकल्यास रक्तशर्करा व शरीराचे तापमान घसरून ते पहाटेपर्यंत दगावू शकते. त्यामुळे रात्रपाळीच्या परिचारिकेचे काम येथे औषधोपचाराइतकेच निर्णायक असते.