फाळक्यांचा वाटाणा

मीरा-भाईंदरच्या मुलांना चित्रीकरणाचे फारसे नवल वाटत नाही. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला मालिकांचे सेट उभे असतात. तेथे कॅमेरा चालविणारा वेगळा, दिवे लावणारा वेगळा आणि गोष्ट सांगणारा आणखी वेगळा. त्यामुळे तंत्र हे कारागिराचे आणि कल्पना मात्र कलावंताची, अशी समजूत सहज होते. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे काम पाहिले की ती टिकत नाही.

फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि वडोद्याचे कलाभवन येथे ते चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे अशा विद्या शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय केला, पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. तिरंगी छपाई शिकण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला गेले. शिवाय ते जादूचे प्रयोगही करीत, 'प्रोफेसर केळफा' या नावाने. (नाव उलटे वाचून पाहा!) चाळिशी आली तरी स्वतःची अशी एकही गोष्ट त्यांनी पडद्यावर सांगितली नव्हती. हा काळ वाया गेला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही.

येशूच्या जीवनावरील एक चित्रपट मुंबईत पाहिल्यावर त्यांना या माध्यमाचा ध्यास लागला. रोज तासन्‌तास चित्रपट पाहून त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र यांची खरेदी केली. त्या काळी कोरी फिल्म कडेच्या भोकांशिवाय मिळे. ही भोके कॅमेऱ्यातील दात्यांत अडकून फिल्म पुढे सरकते. त्यांतील अंतर थोडेही चुकले तर पडद्यावरचे चित्र थरथरते. हे काम अंधारातच करावे लागे. पत्नी सरस्वतीबाई ते शिकल्या, आणि फिल्म धुण्याची रसायनेही त्या कालवू लागल्या.

भांडवल मात्र कोणी देईना. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाची वाढ ठराविक काळाने एकेक चित्र घेऊन टिपली. यामागचे गणित वर्गात सहज करून दाखविता येईल. समजा, दर तासाला एक चित्र घेतले, तर ४० दिवसांत ९६० चित्रे होतात. सेकंदाला १६ या वेगाने ती दाखविली की ४० दिवस एका मिनिटात मावतात! मात्र कॅमेरा जराही हलता कामा नये, आणि उजेड कमीजास्त झाला तर चित्र लुकलुकते. छायाचित्रकार म्हणून मुरलेला हातच हे करू जाणे. डोळ्यांदेखत वाढणारे रोप पाहून एका धनिकाने कर्ज दिले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

पुढे पुराणकथांतील अद्भुत त्यांच्या हाती आले ते याच तयारीमुळे. 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) मध्ये कंसाचे डोके धडापासून सुटून वर जाताना दिसते. अशा दृश्यांची त्या काळची एक रीत अशी : काळ्या पडद्यापुढे चित्रण केले की तेवढा भाग फिल्मवर कोरा राहतो. फिल्म मोजून मागे फिरवायची आणि त्या कोऱ्या भागावर दुसरे चित्र घ्यायचे. मोजणी चुकली तर दोन्ही चित्रे फुकट. मुद्रित काचा धुण्यात आणि जादूच्या पेटाऱ्यांत ज्याची वर्षे गेली, त्याला असे दृश्य मुळात सुचते तरी. इतरांना ते बहुधा सुचलेही नसते.

ही विद्या त्यांनी गुपित ठेवली नाही. १९१७ च्या सुमारास त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा छोटा माहितीपट काढला. त्यात नटांना सूचना देणारे आणि फिल्मची जुळणी करणारे फाळके स्वतःच दिसतात.