कर्जापोटी गेलेले धाराशिव : चौथा निजाम नासिरुद्दौला आणि १८५३ चा तह

१/ धाराशिव जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण ‘निजामी राजवट’ एवढे दोन शब्द उच्चारून सव्वादोनशे वर्षे एका दमात ओलांडतो. परंतु त्या काळात सात वर्षे अशी होती, की या मुलखाचा कारभार इंग्रज पाहत होते. त्यासाठी लढाई झाली नव्हती. मुलूख कर्जापोटी गेला होता. ज्याच्या हातून तो गेला, त्या राज्यकर्त्याची ही हकिकत.

२/ मीर फर्खुंदा अली खान यांचा जन्म १७९४ चा, बिदरचा. पिता सिकंदर जाह यांच्या निधनानंतर १८२९ मध्ये ते ‘नासिरुद्दौला’ या किताबाने हैदराबादच्या गादीवर आले. तेव्हा त्यांचे वय ३५ होते. वारशात राज्य मिळाले, तशी रिकामी तिजोरीही मिळाली.

३/ तिजोरी का रिकामी होती, हे समजण्यासाठी दोन फौजांतील फरक ध्यानी घ्यावा लागतो. पहिली तैनाती फौज. तिच्या खर्चासाठी निजामाने १८०० मध्येच बळ्ळारी-कडप्याकडचा मुलूख कंपनीला कायमचा तोडून दिला होता. म्हणजे तिचा हिशेब तेथेच मिटला.

४/ दुसरी फौज म्हणजे हैदराबाद कंटिंजंट. रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या काळात ती आकाराला आली. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार मात्र निजामाचा. हिंगोली, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) येथे तिच्या छावण्या होत्या. १८१८ मध्ये पेशवाई संपली, युद्धाचे कारण उरले नाही. तरीही फौज तशीच राहिली. वार्षिक खर्च सुमारे ४० लाख रुपये! या खर्चाचा भार बिचारा निजाम वाहतो, अशी थट्टा खुद्द इंग्रज गोटातच चाले.

५/ हा पैसा प्रथम पामर आणि कंपनी या पेढीकडून भरमसाट व्याजाने उचलला गेला. त्या कर्जातून सुटण्यासाठी सिकंदर जाह यांच्याच काळात उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून दरसाल मिळणारी पेशकश सोडून द्यावी लागली. एक उत्पन्न कायमचे बुडाले आणि फौजेचा खर्च जागच्या जागी राहिला.

६/ गादीवर येताच नासिरुद्दौलांनी एक स्वाभिमानी मागणी केली : महसुली कारभारावर देखरेख करणारे इंग्रज अधिकारी मागे घ्यावेत. गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी ती मान्य केली. परंतु या स्वातंत्र्याचा लाभ कोणाला झाला? कारभार पेशकार चंदूलाल यांच्या हाती होता आणि वसुली इजाऱ्याने दिली जाई. जो अधिक बोली लावी त्याला तालुका मिळे आणि तो बोलीची रक्कम रयतेकडून वसूल करी. दरबाराच्या कर्जाचा अखेरचा हप्ता असा शेतकऱ्याच्या खळ्यावर फेडला जात होता.

७/ १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाले. पुढे दिवाण बदलत राहिले, तूट मात्र बदलली नाही. कंटिंजंटचा पगार थकला, की रेसिडेन्सीच्या खजिन्यातून तो दिला जाई आणि निजामाच्या नावे कर्ज म्हणून मांडला जाई. फौज त्यांची, खजिना त्यांचा, वहीही त्यांचीच. ऋणको तेवढा निजाम.

८/ डलहौसी गव्हर्नर जनरल झाले आणि तगादा वाढला. १८५३ मध्ये रेसिडेंट कर्नल लो यांनी तहाचा मसुदा पुढे ठेवला. नासिरुद्दौलांनी सहजी मान तुकवली नाही. वडिलार्जित मुलूख विनाकारण देऊन टाकणे आणि इमानाने चाकरी केलेल्या शिपायांना काढून टाकणे, या दोन गोष्टी राजाला लांच्छनास्पद आहेत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मुलूख द्यावा, नाहीतर फौज मोडावी, या पेचाला दिलेले ते उत्तर होते.

९/ मग फौज चालून येण्याचा इशारा दिवाणापर्यंत पोहोचवण्यात आला. २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव हे मुलूख इंग्रजांकडे गेले. कागदोपत्री मालकी निजामाची, वसुली इंग्रजांची. तहानंतर काही दिवसांतच दिवाण सिराजुल्मुल्क वारले. त्यांच्या जागी पुतणे सालारजंग आले. वय अवघे २४.

१०/ नळदुर्ग भागाचा कारभार कॅप्टन मेडोज टेलर यांच्याकडे आला. आपण बोरी नदीवरचा पाणीमहाल पाहायला जातो, त्याच किल्ल्यात त्यांचा मुक्काम होता. ‘तारा’ (१८६३) ही त्यांची कादंबरी तुळजापूरच्याच परिसरात घडते. या प्रदेशावर त्यांचा जीव होता, हे खरे. पण ते येथे आले कसे, हे त्यामुळे विसरता येत नाही.

११/ १६ मे १८५७ रोजी नासिरुद्दौला निवर्तले. मीरतच्या उठावाला तेव्हा सहाच दिवस झाले होते. नवे निजाम अफजलुद्दौला आणि सालारजंग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. त्याची बक्षिशी १८६० च्या तहात मिळाली : ५० लाखांचे कर्ज माफ, धाराशिव व रायचूर परत. वऱ्हाड मात्र परत आले नाही.

१२/ येथे आपल्या जिल्ह्याची वाट ठरली. वऱ्हाड इंग्रजी अमलात राहिले. धाराशिव पुन्हा निजामाकडे गेले आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिले. जाणे आणि परतणे, दोन्ही तहांत येथील रयतेला कोणी विचारले नाही.

१३/ याच शतकात, १८६६ मध्ये, जर्मनीतील हॅनोवरच्या राजाचे राज्य प्रशियाने युद्धात जिंकून खालसा केले. राजा परागंदा झाला आणि जगाला ते दिसले. नासिरुद्दौलांची गादी शाबूत राहिली, म्हणून त्यांची हार दिसत नाही. त्यांना दुबळा म्हणून निकाली काढणे सोपे आहे. त्यांच्या कारभारातील दोष झाकू नयेत; परंतु जी फौज त्यांच्या हुकमात नव्हती, तिच्या पगारापोटी त्यांचा मुलूख गेला, हेही त्याच पानावर नोंदवले पाहिजे.

१४/ पुढच्या वेळी नळदुर्गला जाल, तेव्हा तटावर उभे राहून ही सात वर्षेही आठवा. तोफ न डागता हा मुलूख दोनदा हस्तांतरित झाला.