हेजीब : एका दुर्मिळ आडनावाची गोष्ट



कुलकर्णी, जोशी, पाटील आपल्याला दुबई-शारजात प्रत्येक बिल्डिंगमध्ये भेटतात. हेजीब मात्र क्वचितच. आडनाव ऐकले की समोरचा हमखास विचारतो, "हे मराठी आहे?" होय, अस्सल मराठी! पण शब्दाचे माहेर अरबी, म्हणजे आपण सध्या राहतो त्या देशाची भाषा.

अर्थ : मूळ शब्द 'हाजिब'. संस्कृतात जसे धातू, तशी अरबीत बहुधा तीन व्यंजनांची मुळे असतात. ह-ज-ब म्हणजे झाकणे, आड येणे. 'हिजाब' त्यातूनच आला. खलिफाच्या दरबारात कोणाला आत सोडायचे, हे हाजिब पाहत असे. दहाव्या शतकात स्पेनमधील कॉर्डोबा येथे तर हाजिब हा मुख्य प्रधानच होता. गंमत म्हणजे अरबीत भुवईलाही हाजिबच म्हणतात.

महाराष्ट्रात : फारसी ही बहमनी (स्थापना १३४७) आणि आदिलशाही दरबारांची भाषा. तिच्यामार्फत हा शब्द मराठीत आला आणि 'हेजीब' झाला. आपल्याकडे त्याचा अर्थ राजाचा वकील, दूत. १६५९ मध्ये अफझलखानाच्या भेटीपूर्वी खानातर्फे कृष्णाजी भास्कर आणि शिवाजी महाराजांतर्फे पंताजी गोपीनाथ यांनी बोलणी केली. ते काम हेजिबाचे. पुढे फडणीस, चिटणीस यांच्याप्रमाणे हुद्द्याचेच आडनाव झाले. इनामदार, मिरासदार, मुजुमदार यांतही अरबी शब्दाला फारसी 'दार' जोडला आहे. अशा आडनावावरून धर्म नव्हे, पूर्वजांचे काम कळते.

इथे लिहिताना : अरबी लिपीत 'ह' साठी दोन वेगळी अक्षरे आहेत. हाजिबमधला 'ह' घशातून येणारा. टायपिंग सेंटरमध्ये इंग्रजी स्पेलिंग पाहून दुसरा 'ह' टाईप झाला, तर अरबी वाचणाऱ्याला शब्द ओळखू येत नाही. म्हणून बाळाच्या जन्मदाखल्याच्या वेळीच अक्षरे नीट तपासा आणि पुढे एमिरेट्स आयडीपर्यंत सगळीकडे तीच ठेवा.

आपली मुले इथल्या शाळेत अरबी शिकतात. हेजीबांच्या मुलाला वर्गात कोणी नावाचा अर्थ विचारला, तर त्याने खुशाल सांगावे, "शब्द तुमचा, आडनाव आमचे!"