सरलेल्या वर्षाची कमाई, चालू वर्षाची फी

एकेकाळी अमेरिकेतली श्रीमंत कॉलेजं हुशार मुलांसाठी चक्क एकमेकांवर बोली लावत. गरज कुणाला आहे, हा प्रश्न मागे पडे. हार्वर्डच्या जॉन मन्रो यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर हिशेब बसवला: घरची कमाई पाहायची आणि आईबाप किती भरू शकतील ते ठरवायचं. १९५४ मध्ये 'कॉलेज बोर्ड' या संस्थेने 'कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस' काढली आणि अनेक कॉलेजं सामाईक पद्धतीने गरज मोजू लागली.

हिशेब चोख, पण नजर मागे. आकडे सरलेल्या वर्षाचे. मधल्या काळात वडिलांची नोकरी गेली, घटस्फोट झाला, तर?

१९८० च्या दशकात केंद्रीय कायद्यानेच कॉलेजात आर्थिक मदत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला पुरावे पाहून आकडे बदलण्याची मुभा दिली. २००९ च्या मंदीत शिक्षण खात्याने कॉलेजांना पत्रं धाडून बेकार झालेल्यांसाठी ही मुभा वापरायला सुचवलं. म्हणजे अधिकार असूनही आठवण करून द्यावी लागली!

२०१७-१८ पासून तर दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरलं जाऊ लागलं. कराचं विवरणपत्र तयार असतं, ही सोय खरी. पण कोविडच्या वर्षी, २०२०-२१ साठी, मदतीच्या अर्जावर २०१८ ची कमाई होती. २०२० च्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने आकडे बदलण्याच्या विनंत्यांना सरसकट नकार द्यायला मनाई केली आणि फेरविचार मागता येतो हे जाहीर करणं कॉलेजांवर बंधनकारक केलं. निकाल मात्र आजही कॉलेजचाच. त्यावर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही.