नंबर एक, फोन दहा: छोट्या ऑफिससाठी आयपी फोन सिस्टीम कशी बसवायची?

दुकान असो, क्लिनिक असो, सीएचं ऑफिस असो किंवा टूर्स अँड ट्रॅव्हल्स. बहुतेक छोट्या व्यवसायांच्या बोर्डावर मोबाइल नंबर असतो. तो मोबाइल कधी मालकाच्या खिशात असतो, कधी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या. मग एक दिवस तो कर्मचारी नोकरी सोडतो. सिम त्याच्या नावावर असेल तर नंबरही जातो आणि पाच वर्षं जोडलेली गिऱ्हाइकंही जातात.

हे टाळण्याचा एक मार्ग म्हणजे ऑफिसचा स्वतःचा नंबर आणि त्यामागे आयपी फोन सिस्टीम. नाव ऐकून हे मोठ्या कंपन्यांचं काम वाटतं, पण पाच-दहा माणसांच्या ऑफिसलाही ते जमू शकतं. कसं, ते टप्प्याटप्प्याने समजून घेऊया.

आयपी फोन म्हणजे नेमकं काय?

जुन्या लँडलाइनमध्ये तुमचा आवाज तांब्याच्या तारेतून जायचा. आयपी फोनमध्ये तोच आवाज डेटा बनून इंटरनेटच्या केबलमधून जातो. बोलताना आवाजाचे छोटे-छोटे तुकडे होतात, साधारणपणे एका सेकंदाला ५०. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. समोरच्या टोकाला ते पुन्हा जोडले जातात आणि आपल्याला सलग आवाज ऐकू येतो.

फोनची रिंग वाजवणं, कॉल जोडणं आणि तोडणं ही कामं ‘सिप’ नावाच्या नियमावलीनुसार चालतात. आज वापरात असलेली तिची मुख्य आवृत्ती २००२ सालची आहे. या सगळ्याचा मेंदू म्हणजे पीबीएक्स. पूर्वी मोठ्या ऑफिसात ऑपरेटर बाई बसायच्या आणि ‘थांबा, लाइन देते’ म्हणायच्या. आता ते काम पीबीएक्सचं सॉफ्टवेअर करतं.

फायदा काय?

- बाहेर एकच नंबर, आत प्रत्येकाला वेगळं एक्स्टेंशन: १०१, १०२, १०३.
- एका वेळी अनेक कॉल घेता येतात. गिऱ्हाइकाला ‘व्यस्त आहे’ ऐकावं लागत नाही.
- कोणाचा कॉल आला, कोणाचा चुकला, याची नोंद राहते.
- माणूस बदलला तरी नंबर आणि एक्स्टेंशन ऑफिसकडेच राहतं.

पहिला निर्णय: पीबीएक्स कुठे ठेवायचा?

इथे तीन पर्याय आहेत.

पहिला, क्लाउड. पीबीएक्स कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि तुम्ही दर माणशी महिन्याचं भाडं भरता. ऑफिसात फक्त फोन किंवा मोबाइलमधलं अ‍ॅप लागतं. सुरुवातीचा खर्च कमी, पण भाडं कायमचं. इंटरनेट बंद पडलं तर ऑफिसमधले टेबलावरचे फोनही बंद. कॉल कर्मचाऱ्यांच्या मोबाइलकडे वळवण्याची सोय मात्र बहुतेक ठिकाणी मिळते.

दुसरा, ऑफिसातला छोटा डबा. राउटरएवढं यंत्र एकदाच विकत घ्यायचं. इंटरनेट गेलं तरी आतल्या आत एक्स्टेंशनवर बोलता येतं. पण डबा बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस तुम्हालाच शोधावा लागतो.

तिसरा, मोफत सॉफ्टवेअर. ‘अ‍ॅस्टरिस्क’ हे मुक्त सॉफ्टवेअर मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलं. ते साध्या कॉम्प्युटरवरही चालतं. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत, पण ते बसवायला आणि सांभाळायला जाणकार हवा. असा जाणकार हाताशी नसेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

साधा ठोकताळा असा: पाच-सहा माणसं असतील आणि अर्धे लोक बाहेर फिरतीवर असतील, तर क्लाउड. सगळे एकाच जागी बसत असतील आणि आतल्या आत खूप बोलणं होत असेल, तर डबा.

नंबर कुठून घ्यायचा?

पीबीएक्सला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या लाइनला ‘सिप ट्रंक’ म्हणतात. आपल्याकडे ही सेवा परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडूनच घ्यायची असते. त्यासाठी व्यवसायाची कागदपत्रं आणि केवायसी लागतं. ‘कागद नकोत, स्वस्तात नंबर देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल इथल्या सिममधून स्थानिक कॉल म्हणून सोडणं बेकायदेशीर आहे. अशा ‘सिम बॉक्स’ टोळ्यांवर पोलिसांच्या धाडी पडतात. त्यात तुमच्या ऑफिसचं नाव यायला नको.

जुना लँडलाइन नंबर वर्षानुवर्षं छापलेला असेल तर तो सोडण्याची घाई करू नका. मोबाइलसारखं लँडलाइनचं पोर्टिंग होईलच असं गृहीत धरू नका. आधी त्याच कंपनीला विचारा. दुसरा मार्ग म्हणजे ‘गेटवे’ नावाचं छोटं यंत्र. जुनी तार त्यात जोडली की त्या नंबरचे कॉलही नव्या फोनवर येतात.

इंटरनेट किती लागतं?

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. चांगल्या आवाजाच्या एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण १०० केबीपीएस लागतात. एका वेळी पाच कॉल चालू असतील तर जेमतेम अर्धा एमबीपीएस. म्हणजे वेगाचा प्रश्न सहसा नसतो, प्रश्न स्थिरतेचा असतो.

सिनेमा बघताना डेटा थोडा उशिरा आला तरी चालतं, कारण पुढचा भाग आधीच साठवलेला असतो. बोलताना तसं चालत नाही. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. त्याहून उशीर वाढत गेला की दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात.

म्हणून राउटरमध्ये ‘क्यूओएस’ ही सेटिंग चालू करून घ्या. ॲम्ब्युलन्सला जशी ट्रॅफिकमध्ये वाट देतात, तशी आवाजाच्या पॅकेटना आधी वाट मिळते. नाहीतर कोणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की फोनवरचा आवाज तुटणारच.

बसवायचं कसं?

१. आधी कागदावर नकाशा काढा. कोण कुठे बसतं, कोणाला टेबलावरचा फोन हवा, कोणाला मोबाइल अ‍ॅप पुरेल? गर्दीच्या वेळी एकदम किती कॉल येतात? यावरून ट्रंकमध्ये किती लाइन घ्यायच्या ते ठरतं. दहा माणसांना दहा लाइन लागतातच असं नाही.

२. टेबलावरच्या फोनला वायफायपेक्षा केबल बरी. ‘पीओई’ प्रकारचा स्विच घेतला तर त्याच केबलमधून वीजही जाते. प्रत्येक फोनला वेगळा अडॅप्टर लागत नाही.

३. राउटर, फायबरचा डबा, स्विच आणि पीबीएक्स हे चारही इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर घ्या. जुनी लँडलाइन वीज गेली तरी चालायची, कारण तिला वीज एक्स्चेंजमधून मिळायची. आयपी फोनचं तसं नाही. एक साधा मोबाइलही ऑफिसात ठेवा. ११२ ला फोन लावायची वेळ आली तर वायफायची वाट बघत बसायला नको.

४. एक्स्टेंशन द्या आणि कॉलची वाट ठरवा. आधी काउंटरवर रिंग, २० सेकंदांत कोणी उचललं नाही तर आतल्या टेबलवर, तिथेही नाही तर मालकाच्या मोबाइलवर. ऑफिस बंद झाल्यावर वेगळा संदेश लावा.

५. स्वागताचा संदेश छोटा ठेवा. ‘मराठीसाठी १ दाबा’पासून सुरू होऊन ९ पर्यंत जाणारी यादी कोणालाच आवडत नाही. तीन पर्याय पुरे, आणि ‘माणसाशी बोलण्यासाठी’ हा पर्याय हवाच.

६. कॉल रेकॉर्ड करणार असाल तर तसं आधी सांगा. गिऱ्हाइकाचा आवाज आणि माहिती ही त्याची वैयक्तिक माहिती असते आणि तिच्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे.

७. जुना नंबर लगेच बंद करू नका. निदान दोन आठवडे दोन्ही व्यवस्था समांतर चालवा.

आवाज नीट येत नसेल तर?

- आवाज तुटतो: नेटवर्कवर ताण आहे. क्यूओएस तपासा, फोन वायफायवर असेल तर केबल लावा.
- एकाच बाजूचा आवाज येतो: बहुतेक वेळा दोष राउटर किंवा फायरवॉलचा असतो. राउटरमधली ‘सिप एएलजी’ ही सेटिंग बंद करून बघा. नाव मदतीचं वाटतं, पण अनेकदा तीच घोळ घालते.
- स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो: समोरच्याचा स्पीकर मोठा असू शकतो किंवा जुन्या तारेचा गेटवे नीट जुळवलेला नसतो.

सगळ्यात मोठा धोका: रात्री लागणारे कॉल

ही गोष्ट विक्रेते फारशी सांगत नाहीत. इंटरनेटवर उघडे राहिलेले पीबीएक्स शोधणारे प्रोग्राम चोवीस तास फिरत असतात. एक्स्टेंशन १०१ आणि पासवर्डही १०१ असेल तर तो सापडायला काही सेकंद पुरतात. मग शनिवारी रात्री, ऑफिस बंद असताना, तुमच्या लाइनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांना कॉल लागत राहतात. सोमवारी समजतं. बिल मात्र तुमच्या नावावर येतं.

उपाय सोपे आहेत, पण पहिल्याच दिवशी करायचे:

- प्रत्येक एक्स्टेंशनला लांब आणि वेगळा पासवर्ड.
- गरज नसेल तर आयएसडी पूर्ण बंद. हे पीबीएक्समध्येही करा आणि टेलिकॉम कंपनीकडूनही करून घ्या.
- खर्चाला रोजची मर्यादा लावता येते का, ते कंपनीला विचारा.
- पीबीएक्सचं पान थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएन द्या.
- सॉफ्टवेअरचे अपडेट टाळू नका.

कोटेशन घेताना काय विचारायचं?

फक्त फोनची किंमत बघू नका. महिन्याचं भाडं, कॉलचे दर, बसवण्याचा खर्च, वर्षाचा मेंटेनन्स आणि १८ टक्के जीएसटी धरून तीन वर्षांचा एकूण आकडा काढा. मग दोन-तीन कोटेशन शेजारी ठेवा. फोन ठरावीक कंपनीच्याच सेवेवर चालतात की कुठेही चालतील, हेही विचारा.

आणि शेवटी, ज्या कारणाने हे सगळं सुरू केलं ते विसरू नका. नंबर व्यवसायाच्या नावावर आहे ना? विक्रेत्याच्या किंवा कर्मचाऱ्याच्या नावावर नाही ना? पीबीएक्सचा मुख्य पासवर्ड तुमच्याकडे आहे ना? सेटिंगचा बॅकअप कोणाजवळ आहे? या चार प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या आणि मगच शेवटचा हप्ता द्या. नाहीतर आधी नंबर कर्मचाऱ्याच्या खिशात होता, तो आता विक्रेत्याच्या खिशात जाईल एवढाच फरक.