डॅलसच्या पट्ट्यावरील एक मिनिट

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचा आमचा मानस नाही. गोळ्या कोणी झाडल्या, या वादातही आम्ही शिरत नाही. आम्हांस येथे सांगावयाची आहे ती हकीकत एका सरकारी नोंदीची. आवक-जावक वह्या, तारखेचे शिक्के आणि टिपण्या यांत दिवस काढणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींस तीत इतरांहून अधिक गोडी वाटावी, असे तिचे स्वरूप आहे.

२२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवार. टेक्सास राज्यातील डॅलस शहरातून केनेडींच्या मोटारींचा ताफा चालला होता. त्यांच्या गाडीच्या पुढे एक साधी पांढरी फोर्ड मोटार होती. ती खुद्द पोलीसप्रमुख जेसी करी हाकीत होते, आणि मागच्या आसनावर शेरीफ बिल डेकर बसले होते. बंदोबस्ताचे हुकूम या गाडीतील बिनतारी यंत्रावरून सुटत. डॅलस पोलिसांची बिनतारी चॅनेले दोन. पहिले रोजच्या कामाचे. दुसरे त्या दिवशी ताफ्यासाठी राखलेले. दोहोंवरील बोलणे मुख्य कचेरीत आपोआप मुद्रित होई. पहिल्यासाठी डिक्टाबेल्ट नावाचे यंत्र होते; त्यात प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यावर सुई चर उमटवीत जाई. दुसऱ्यासाठी ऑडोग्राफ, आणि त्याची सपाट तबकडी.

दोन्ही यंत्रे मोठी काटकसरी. बोलणे थांबले की काही सेकंदांत ती आपण होऊन थांबत आणि आवाज येताच पुन्हा चालू लागत. तेव्हा पट्ट्यावरील एक मिनिट म्हणजे घड्याळातील एक मिनिट, असा भरवसा धरता येत नाही. ही उणीव भरून काढण्याचे साधन एकच: नियंत्रण कक्षातील कर्मचारी घड्याळाकडे पाहून अधूनमधून वेळ उच्चारीत असे. पण दोन चॅनेलांची घड्याळे दोन, आणि ती एकमेकांशी तंतोतंत जुळत नव्हती! सरकारी घड्याळांचा हा गुण सार्वदेशिक दिसतो.

साडेबाराच्या सुमारास गोळ्या सुटल्या. करींनी दुसऱ्या चॅनेलवरून ताफा पार्कलंड रुग्णालयाकडे वळविण्याचा हुकूम दिला. सुमारे मिनिटभराने त्याच गाडीतून डेकर बोलले: आपल्या कचेरीतील मिळतील तेवढी माणसे रेल्वेच्या आवारात धाडावीत, आणि तपास करणारे येईपर्यंत सर्व काही सुरक्षित राखावे. इकडे पहिल्या चॅनेलवर निराळाच घोटाळा झाला होता. कोणा एका पोलिसाच्या मोटारसायकलवरील मायक्रोफोनचे बटण अडकून राहिले आणि सुमारे साडेपाच मिनिटे इंजिनाची घरघर तेवढी पट्ट्यावर उमटत राहिली.

१९६४ साली वॉरन आयोगाने या संभाषणाच्या लेखी प्रती आपल्या कागदपत्रांत छापल्या. त्यांत शब्द आले. घरघर येण्याचे कारण नव्हते. पुढे १९७६ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहाने नवी चौकशी समिती नेमली, तेव्हा कोठे पट्ट्याकडे लक्ष गेले. घरघरीत काही अगदी क्षणिक ठोके आढळले. ऑगस्ट १९७८ मध्ये ध्वनिशास्त्रज्ञांनी हत्येच्या जागी, डीली प्लाझात, प्रत्यक्ष बंदुका झाडून तेथील प्रतिध्वनी टिपले आणि ठोक्यांशी ताडून पाहिले. एक ठोका समोरच्या टेकाडावरून सुटलेल्या गोळीचा असण्याची शक्यता ९५ टक्के किंवा अधिक, असे दोघा तज्ज्ञांनी डिसेंबरात समितीस सांगितले. दुसरीकडून गोळी म्हणजे दुसरा मारेकरी, आणि दुसरा मारेकरी म्हणजे कट. हत्या बहुधा कटातून झाली, असा निष्कर्ष समितीने १९७९ च्या अहवालात नोंदविला. त्याचा मुख्य आधार हा पट्टाच होता.

आमच्या मते येथे गणितापेक्षा एक साधा प्रश्न अधिक मोलाचा होता. हे ठोके उमटले केव्हा?

त्याचे उत्तर देण्याचा मान ओहायो राज्यातील स्टीव्ह बार्बर नावाच्या एका ड्रम वाजविणाऱ्यास मिळाला. १९७९ साली एका मासिकाच्या अंकाबरोबर या ध्वनिमुद्रणाची प्लॅस्टिकची तबकडी दिलेली होती. ती वारंवार ऐकता ऐकता त्याच्या तालावर घडलेल्या कानास, ठोक्यांच्या ठिकाणीच, एक पुसट मानवी स्वर जाणवला. तो डेकर यांचा होता! दुसऱ्या चॅनेलवर लावलेल्या एखाद्या यंत्राच्या कर्ण्यातून निघालेले त्यांचे शब्द अडकलेल्या मायक्रोफोनने टिपले होते. डेकर बोलले ते गोळीबारानंतर. तेव्हा त्यांच्या शब्दांबरोबर उमटलेले ठोके गोळ्यांचे कसे असतील?

पेशवाईतील पत्रे चाळणाऱ्यांस ही रीत परकी वाटणार नाही. त्या पत्रांवर चंद्र आणि महिना असतो, वर्ष मात्र पुष्कळदा नसते. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई यांनी मजकुरातील एखाद्या स्वारीच्या वा मृत्यूच्या ओझरत्या उल्लेखावरून कित्येक पत्रांची साले लावली. डॅलसच्या पट्ट्यावर डेकर यांचे वाक्य असाच उल्लेख ठरले.

राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या वतीने हार्वर्डचे नॉर्मन रॅम्से यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची समिती बसली. भौतिकीचे नोबेल मिळालेले लुई अल्वारेझ तीत होते. डेकर यांचे शब्द नक्कल करताना मागाहून पट्ट्यावर चढले असावेत, हा आक्षेपही समितीने कसून तपासला, आणि तो टिकला नाही. ठोके गोळीबारानंतर सुमारे एक मिनिटाने उमटले, असा निर्वाळा समितीने मे १९८२ मध्ये दिला. २००१ साली ब्रिटनमधील एका नियतकालिकात जुने मत पुन्हा मांडले गेले. २००५ साली त्याच नियतकालिकात त्यास सविस्तर उत्तर आले. कट नव्हताच, असे यावरून सिद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. या पट्ट्याची साक्ष तेवढी बाद झाली.

ज्या पोलिसाच्या मोटारसायकलवरचा मायक्रोफोन अडकला, असे प्रतिनिधिगृहाच्या समितीने ठरविले होते, त्याने ते पुढे कधीच मान्य केले नाही. शेरीफ डेकर यांस विचारण्याची सोय उरली नव्हती. ते १९७० सालीच वारले होते.