तालीम आणि शाखा

मुठा खोऱ्यासह पुणे जिल्ह्यातल्या साऱ्या मुळशी तालुक्यात कुस्तीची परंपरा जुनी आहे. मिसरूड फुटू लागलेल्या पोराला रोजची मेहनत, वस्तादाचा धाक, वरच्या वयाचा जोडीदार आणि जत्रेच्या आखाड्यात गावासमोर मिळणारा मान, हे सारे तालमीने एकाच जागी दिले. वाढत्या वयाच्या रगेला तिने काम दिले. 2014 साली केंद्र सरकारने 10 ते 19 वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आणला, त्यातही समवयस्क शिक्षकांवर भर आहे. वर्षातून एखादे व्याख्यान ठेवून किशोरांसाठीचे काम झाले असे मानणाऱ्यांनी तालमीचा हा रोजचेपणा ध्यानात घ्यायला हवा.

यावर रास्त आक्षेप असा, की तालमीत मुलींना जागा नव्हती आणि भर मनगटावर होता. हे नाकारता येत नाही. पण तो दोष तालमीच्या रचनेत नसून तिच्या दारात होता. ते दार शाखेने उघडले. 1941 साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले, तेव्हा त्याच्या शाखेवर मुले-मुली एकत्र आली. खेळ-कवायतीच्या जोडीला बौद्धिक, श्रमदान, कलापथक आले. नियमित भेटणे आणि थोरल्याने धाकट्याला शिकवणे मात्र तालमीसारखेच राहिले.